जमीन किती पाणी पिते, हा जातीचा प्रश्न आहे



सेप्टिक टाकी हा विषय पाहून काहींनी नाक मुरडलं असेल. हरकत नाही. पण समाज ज्या विषयाला नाक मुरडतो, त्या विषयाच्या तळाशी कोणाला तरी उतरवलेलं असतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती. मी स्थापत्यचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. काही वर्षं बांधकामांवर सुपरवायझर होतो, आता चळवळीचं काम करतो. या लेखात थोडं मातीचं शास्त्र आहे, थोडा कायदा आहे आणि माझी एक चूक आहे. ती चूक मी आजवर कुठल्याही सभेत सांगितलेली नाही.

निमित्त लोहगडवाडीचं झालं.

मळवली स्टेशनला उतरून एक्स्प्रेस वे ओलांडला की भाजे गाव लागतं. तिथून चढण चढत गायमुख खिंडीत आलं की एका हाताला विसापूर, दुसऱ्या हाताला लोहगड. लोहगडाच्या पायथ्याला लागून ही वाडी आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात लोहगड आहे. म्हणजे गर्दी वाढणार. गर्दी आली की जेवण आलं, मुक्कामाच्या खोल्या आल्या आणि खोल्या आल्या की संडास आले.

वाडीत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. मी त्यांना मामा म्हणतो. ते आपल्या समाजाचे नाहीत. पवना जलवाहिनीच्या विरोधातल्या आंदोलनात आमची ओळख झाली. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले, त्या दिवसांतली ही ओळख. त्यामुळे पाण्याच्या प्रश्नावर त्यांच्याशी आडपडदा न ठेवता बोलता येतं. मामांना घरामागे चार खोल्या बांधायच्या होत्या. मुलगा पुण्यात कंपनीत कंत्राटी कामाला, त्याचा भरवसा नाही. चार खोल्यांवर घर चालेल, असा हिशेब. २०२५ च्या मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला जागा बघायला बोलावलं.

गवंड्याने जागा आखून ठेवली होती. टाकी इथे, शोषखड्डा तिथे. मी विचारलं, "मामा, माती तपासली का?"

"माती कशाला तपासायची? संडासाची टाकी आहे, धरण थोडंच बांधायचंय?"

"आणि टाकी दोन वर्षांत तुंबली तर?"

"तुंबली तर बोलावू की कोणाला तरी."

मी म्हणालो, "कोणाला तरी म्हणजे कोणाला, मामा?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मित्रांनो, या देशात 'कोणाला तरी' या दोन शब्दांचा पत्ता ठरलेला आहे. तो पत्ता गावाबाहेरचा आहे, शहराच्या कडेच्या वस्तीतला आहे.

आता आधी यंत्र समजून घेऊ. बहुतेकांना वाटतं की सेप्टिक टाकी मैला 'जिरवते'. टाकी अर्धंच काम करते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं गढूळ पाणी बाहेर पडतं. तळाचा गाळ काही प्रमाणात कुजतो, बाकीचा साचत जातो आणि कधी तरी उपसावाच लागतो. बाहेर पडणारं पाणी दिसायला बरं असलं तरी त्यात रोगजंतू असतात, कावीळ आणि अतिसार पसरवणारे विषाणू असतात. ते पाणी शुद्ध करण्याचं उरलेलं अर्धं काम जमीन करते. टाकीखालच्या, शोषखड्ड्याखालच्या मातीच्या कणांमध्ये हवा असेल, पाणी हळूहळू झिरपत असेल, तर मातीतले जीवजंतू त्यातली घाण खातात, रोगजंतू मातीत अडकून मरतात. त्यासाठी पुरेशी खोल माती लागते आणि भूजलाची पातळी त्या मातीच्या बरीच खाली असावी लागते. जिथे जमीनच हे काम करू शकत नाही, तिथे कितीही सिमेंट ओता, ती टाकी म्हणजे फक्त घाण थोडा वेळ थांबवणारा डबा असतो.

लोहगडवाडीची जमीन कशी आहे? आपल्या सह्याद्रीची जशी आहे तशीच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. एक थर काळ्या कातळाचा, घट्ट; एक मांजऱ्या, भोकाभोकांचा; मध्येच कुठे तांबडा गेरूसारखा थर. कातळावर मुरूम, मुरमावर हात-दोन हात माती. डोंगरउतारावर तीही धुपून गेलेली. घट्ट कातळ पाणी पीत नाही, पण त्याला भेगा असतात. भेगेत शिरलेलं पाणी मातीतून गाळलं जात नाही, ते नळातून जावं तसं थेट पुढे जातं आणि दोन थर जिथे भेटतात तिथे डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडतं. मावळातल्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच झऱ्यांवर जगल्या. त्यात पाऊस बघा. लोणावळ्याच्या या पट्ट्यात चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत इथे जमिनीतून जागोजागी उपळ फुटतात. जिथे जमीन स्वतःच पाणी ओकत असते, तिथे ती तुमच्या संडासाचं पाणी पिणार कशी?

तपासणी अवघड नाही. त्यासाठी डिप्लोमाही लागत नाही. भारतीय मानक ब्यूरोची आयएस २४७० ही सेप्टिक टाक्यांची संहिता आहे, तिच्या दुसऱ्या भागात ही चाचणी दिलेली आहे. ती इथे सांगतो, लिहून घ्या.

जिथे पाणी मुरवायचं, तिथे तेवढ्याच खोलीचा १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा घ्यायचा. कडा सुरीने खरवडायच्या, म्हणजे पहारीने घोटून गुळगुळीत झालेली माती निघून जाते. सुटी माती काढून तळाला ५ सेंटिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी टाकायची. तिच्यावर ३० सेंटिमीटर पाणी भरायचं आणि रात्रभर तसंच सोडायचं, म्हणजे जमीन भिजून फुगते. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवायचं आणि फूटपट्टी लावून दर अर्ध्या तासाला पाणी किती उतरलं ते बघायचं. त्यावरून पाणी २५ मिलिमीटर खाली जायला किती मिनिटं लागतात ते काढायचं. ३० मिनिटांच्या आत असेल आणि भूजल खोल असेल, तर शोषखड्डा चालतो. ६० मिनिटांच्या पुढे गेलं, तर ती जमीन या कामाची नाही. शिवाय पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर अंतर हवं. आणि भेगांच्या खडकात पाणी मुरवूच नये, कारण घाण भेगांतून लांबपर्यंत जाते, हेही या शास्त्राने सांगून ठेवलेलं आहे.

मामांच्या जागेत मी दोन खड्डे घेतले. एक घरामागे, वरच्या अंगाला. दोन फुटांवर पहार कातळाला लागून खणखणली. तिथे दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात पाणी जेमतेम ८ मिलिमीटर उतरलं. हिशेब केला तर २५ मिलिमीटरला ९० मिनिटांच्या वर. नापास. दुसरा खड्डा खालच्या कोपऱ्यात, ओढ्याच्या बाजूला. तिथे पाणी ओतलं आणि बघता बघता दिसेनासं झालं. मामा खूश. म्हणाले, "बघा साहेब, कशी झकास पितीय. इथेच करू खड्डा."

मी म्हणालो, "मामा, ही पीत नाही. ही खाली सोडतेय."

खड्ड्याच्या तळाशी मांजऱ्या दगडात बोटभर रुंदीची भेग होती. त्या कोपऱ्याच्या खाली उतारावर एक झरा आहे. अंतर १८ मीटरपेक्षा जास्त आहे, म्हणजे कागदावर नियम पाळला जातो. पण भेगेला मीटरची भाषा कळत नाही. मी मामांना म्हणालो, जुलैत परत बघू. जुलैत गेलो तर ज्या कोपऱ्यात मेमध्ये पाणी टिकत नव्हतं, तो खड्डा काठोकाठ भरलेला होता आणि आम्ही पाणी ओतलेलं नव्हतं. मे महिन्यात तपासलेली जमीन खोटं बोलते. साक्ष घ्यायची तर तिची श्रावणात घ्यावी. आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावं. उपळ कुठे फुटतात, कुठल्या झऱ्याचं पाणी कधी गढूळ होतं, हे त्यांना ठाऊक असतं, कारण पाण्याच्या हंड्याचं ओझं त्यांनी वाहिलेलं आहे.

इथे माझी चूक सांगतो.

मी विशीत असताना तालुक्यात एका बंगल्यांच्या कामावर सुपरवायझर होतो. डोंगरउतार, खाली कातळ, असंच सगळं. माती तपासायचा विषय निघाला तेव्हा ठेकेदार हसला. मी डिप्लोमात ही चाचणी शिकलो होतो, तरी गप्प बसलो. नोकरी नवी होती, घरी पगाराची वाट बघत होते. पहिल्याच पावसाळ्यात शोषखड्डा भरला, टाकीचं पाणी उलटं फिरलं आणि संडास तुंबले. ठेकेदाराने मला सांगितलं, माणसं आण. गाडी सांगितली तर पैसे जातात, शिवाय गाडी तिथवर जायला रस्ताच ठेवलेला नव्हता. मी फोन लावला. शहराच्या कडेच्या वस्तीतून दोन पोरं आली. माझ्या मोबाइलच्या पाठीवर बाबासाहेबांचा स्टिकर होता. तो बघून त्यातला एक हसला आणि म्हणाला, "जय भीम, साहेब."

मी 'जय भीम' म्हणालो. आणि त्याला टाकीत उतरू दिलं.

काही मिनिटांत तो आत कोसळला. दुसरा उतरायला निघाला, त्याला आम्ही धरून ठेवलं. कमरेला दोर होता म्हणून त्याला वर ओढता आलं. तो जगला. दोन दिवस दवाखान्यात होता. बंद टाकीत प्राणवायू नसतो, मिथेन साठतो, हायड्रोजन सल्फाइड साठतो. हा वायू थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि माणसाला वाटतं, आता वास गेला, धोका टळला. हे सगळं मला तेव्हा पुस्तकातून माहीत होतं. मी ती नोकरी पुढे सोडली, पण सोडली म्हणून सुटका झाली असं मी मानत नाही. त्या दिवशी त्या पोराला टाकीत कोणी ढकललं? ठेकेदाराने, हे खरं. पण त्याच्याही आधी, मी न केलेल्या एका चाचणीने. एक खड्डा, एक बादली पाणी आणि एक फूटपट्टी, एवढंच लागणार होतं.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्या जमिनीला पाणी पिता येत नाही, तिथली टाकी लवकर भरते. टाकी भरली की माणूस शोधला जातो. आणि तो माणूस कुठल्या जातीचा असतो, हे या देशात शोधावं लागत नाही. मातीची चाचणी टाळणं हा म्हणूनच केवळ तांत्रिक आळस नाही. आपली चूक दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसांवर टाकायची सोय त्या चाचणीआधीच झालेली असते, म्हणून ती टाळली जाते. बंगल्याच्या मालकाला स्वतः टाकीत उतरावं लागलं असतं, तर मावळात एकही वीट माती तपासल्याशिवाय चढली नसती.

कोणी म्हणेल, तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता. तर एक पुस्तक आठवून देतो. डायेन कॉफी आणि डीन स्पीयर्स या अभ्यासकांचं 'व्हेअर इंडिया गोज' हे पुस्तक २०१७ मध्ये आलं. खेड्यांतले लोक सरकारने सुचवलेले छोटे खड्डे का नाकारतात आणि प्रचंड मोठी टाकी का मागतात, याचा शोध त्यांनी घेतला. उत्तर हे मिळालं की खड्डा उपसण्याचं काम अस्पृश्यांचं मानलं जातं, ते आपल्या हातून होऊ नये म्हणून लोकांना कधीच न भरणारी टाकी हवी असते. म्हणजे टाकीची लांबी-रुंदीसुद्धा जात ठरवते. खरं तर दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा असतो. बंद खड्ड्यातला मैला वर्ष-दीड वर्षात कुजून मातीसारखा होतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत अशा खड्ड्यात उतरले, त्यांनी हाताने ते खत काढलं. देशभर फोटो छापून आले. चांगलं केलं त्यांनी. पण सचिव एकदा कोरड्या खतात उतरले तर बातमी होते, आणि ओल्या मैल्यात रोज उतरणाऱ्यांची बातमी ते मेल्यावरच होते, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

कायदा काय म्हणतो? हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. सुरक्षेची साधनं आणि खबरदारी नसताना कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा त्याने गुन्हा ठरवला आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली, २० ऑक्टोबर २०२३ ला ती ३० लाख केली. बेझवाडा विल्सन आणि सफाई कर्मचारी आंदोलनाने आयुष्य घातलं तेव्हा हे पदरात पडलं. पण कायदा माणूस मेल्यावर जागा होतो. मातीची चाचणी माणूस उतरायच्या आधी करता येते. आपल्या चळवळीने मरणानंतरच्या मोर्च्याइतकीच ताकद या आधीच्या टप्प्यावर लावली पाहिजे.

काही बांधव असंही म्हणतात की मैल्याचं काम महारांच्या वाट्याला नव्हतं, ते मेहतर, वाल्मीकी, रुखी समाजाचं, मग आपण कशाला? हा प्रश्नच मला लाजवतो. मुंबई महापालिकेच्या सफाई खात्यात आज बौद्ध कामगार किती आहेत, ते जाऊन बघा. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तो झाडूवाल्यांची पोटजात विचारून नव्हे. टाकीत कोसळलेल्या त्या पोराला मी तेव्हाही जात विचारली नव्हती, आजही विचारणार नाही.

आता दुसरी बाजू. घाण कोणाच्या अंगावर जाते, एवढंच बघून भागत नाही. ती कोणाच्या विहिरीत जाते, हेही बघावं लागतं. पाणी उताराकडे जातं आणि आपल्या वस्त्या बहुतेक गावांत उतारालाच आहेत. पवनेच्या काठच्या माझ्या गावात आमची वतनाची जमीन ओढ्याला लागून, सगळ्यांत खाली. वतन खालसा झालं, जमीन राहिली, तिच्यातली आज्याच्या काळातली विहीर राहिली. आता वरच्या टेकाडावर बंगले झालेत. त्यांच्याकडे आरओचं मशीन आहे, बाटलीबंद पाणी आहे. आमच्या चुलतीकडे ती विहीर आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. त्या श्रावणात वस्तीतल्या तीन पोरांना कावीळ झाली. आम्ही हायड्रोजन सल्फाइडच्या चाचणीची बाटली आणली, पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी पाणी काळं पडलं होतं. पाण्यात मैल्याचे जंतू असले की ते काळं पडतं. तक्रार केली, तेव्हा उत्तर मिळालं की विहीर उथळ आहे, झाकण बसवा, पाणी उकळून प्या. म्हणजे घाण वरून सोडायची आणि उकळायचं खालच्यांनी!

मित्रांनो, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. आपल्या स्पर्शाने तळं बाटलं म्हणून सवर्णांनी शेण-गोमूत्राने ते 'शुद्ध' केलं. आमची ओंजळ बाटवणारी ठरली. मग टेकाडावरच्या बंगल्यांचा मैला आमच्या विहिरीत येतो, त्याला काय म्हणायचं? त्याला कोणी विटाळ म्हणत नाही. त्याला विकास म्हणतात. शुद्ध-अशुद्धाची ही मोजपट्टी आपण कधीच फेकून दिली आहे. आपली पट्टी वेगळी आहे. तीवर मिलिमीटर असतात, मिनिटं असतात, आणि ती सगळ्यांच्या जमिनीला सारखीच लागते.

ही पट्टी आपल्याला परकी नाही. लोहगडवाडीच्या वाटेवरच भाज्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची. तिथे कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढ्या आहेत. एका पोढीवर कोसिकीपुत विण्हुदत नावाच्या महारठीने ती दान दिल्याचा लेख आहे. दगड कुठला पाणी धरतो, कुठला सोडतो, हे ओळखल्याशिवाय कातळात पाणी टिकत नाही. त्या कारागिरांनी जमीन वाचली होती. आणि भिक्खूंच्या विनयात, चुल्लवग्गात, शौचकूपाचे नियम आहेत. शौचकूप घाण दिसला तर ज्याला दिसला त्याने तो धुवावा, भांड्यात पाणी नसेल तर त्याने भरून ठेवावं. ज्याला दिसलं त्याने! तिथे 'कोणाला तरी' बोलावण्याची सोय नाही. रस्ते झाडणारा सुनीत ज्या संघात थेर झाला, त्या संघाचा हा नियम आहे. आपण लेण्यांवर जातो, वंदना घेतो, फोटो काढतो. उतरताना हा नियमही घेऊन उतरलं पाहिजे.

मामांचं पुढे काय झालं, ते सांगतो. दोन्ही जागा नापास झाल्यावर ते चिडले. म्हणाले, "मोठमोठे रिसॉर्ट होतात, त्यांना कोण विचारतं? चार खोल्यांच्या माणसालाच का नियम?" त्यांचा राग खरा होता. माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नव्हतं. आम्ही बसून हिशेब केला. चार खोल्या, १६ माणसं, माणशी १०० लिटर धरलं तरी दिवसाला १,६०० लिटर पाणी. तेवढं या जमिनीला झेपत नाही. शेवटी मामांनी दोन खोल्या केल्या. टाकी रस्त्याच्या बाजूला घेतली, पाणी न झिरपणारी, दोन कप्प्यांची, वरून उघडणाऱ्या झाकणाची, म्हणजे मैला उपसणारी गाडी पाइप टाकून ती रिकामी करू शकेल आणि कोणाला उतरावं लागणार नाही. टाकीचं पाणी शोषखड्ड्यात न सोडता तळाला अस्तर घातलेल्या वाळू-खडीच्या वाफ्यात सोडलं, त्यात कर्दळ लावली, पावसासाठी वर पत्रा घातला. अंघोळीचं पाणी वेगळं काढलं. खर्च वाढला, दोन खोल्यांचं उत्पन्न गेलं. हे नुकसान मी नाकारत नाही. पण टाकीच्या झाकणावर हात ठेवून मामा म्हणाले, "आता कोणाला तरी बोलवायची गरज नाही." मला तेवढं वाक्य पुरलं.

मामांचा प्रश्न मात्र आपल्याला पुढे न्यायचा आहे. छोट्या माणसाने पदरमोड करून जमीन तपासायची आणि मोठ्या प्रकल्पांनी कागदावर शोषखड्डा दाखवून मोकळं व्हायचं, हे चालणार नाही. म्हणून तालुक्या-तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे.

गावात नवं बांधकाम उभं राहत असेल, तर ग्रामसभेत तीन प्रश्न लेखी विचारा. जमिनीची पाणी मुरण्याची चाचणी कोणी केली, कुठल्या महिन्यात केली? उताराला कोणाची विहीर, कोणाचा झरा आहे? टाकी कोण उपसणार, आणि गाडी टाकीपर्यंत पोहोचते का? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. वस्तीच्या विहिरीचं पाणी दर पावसाळ्यात तपासा आणि निकालाची वही ठेवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे विहिरींच्या पातळीची माहिती असते, ती मागा. २०२६ पर्यंतच्या १५व्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. पाच-सहा गावांनी मिळून मैला उपसणारी गाडी आणि त्या मैल्यावर प्रक्रियेची सोय मागितली, तर मामांसारख्या माणसालाही परवडेल. नाही तर ती गाडी टाकी रिकामी करून रात्री ओढ्यात ओतेल आणि तो ओढा पुन्हा आपल्याच वस्तीवरून जाईल.

आणि आपली पोरं इंजिनिअरिंग, डिप्लोमा, आयटीआय करून नोकरीला लागतात, त्यांना हात जोडून सांगतो. ठेकेदार हसेल तेव्हा गप्प बसू नका. मी गप्प बसलो होतो. शिका म्हणजे नुसती पदवी घ्या, असं बाबासाहेबांनी सांगितलेलं नाही. शिकलेलं वापरायची वेळ येते तेव्हाच त्या शिक्षणाची परीक्षा असते. आम्ही काही जणांनी ठरवलंय, येत्या पावसाळ्यात आपल्या वस्त्यांच्या वरच्या अंगाला एक-एक खड्डा घेऊन पाणी मोजायचं. पहार आमच्याकडे आहे, फूटपट्टी आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या.

जय भीम!